ट्रकचं प्रकरण

गौतम भोयेने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तिच्यापायी त्याची उमेदीची वर्षं गेली. जव्हारच्या एका शाळेत तो मराठी शिकवायचा. बरोबरीचे मास्तर प्लॉट घेत होते, गाड्या बदलत होते. हा शाळा सुटली की घरी येऊन खिडकीपाशी खुर्ची ओढायचा आणि कालचंच पान पुन्हा लिहायला घ्यायचा. गावात त्याला ‘लेखक’ म्हणत, आणि म्हणताना जरासे हसत.

शेवटी पुण्याच्या एका प्रकाशनाने कादंबरी घेतली. तिथले संपादक सुदर्शन देव यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, “भोये, खरं सांगू? तुमचं अकरावं प्रकरण म्हणजेच पुस्तक आहे. आधीची दहा त्याच्याकडे जातात आणि नंतरची त्याच्यातून बाहेर पडू शकत नाहीत. त्याला हात लावू नका.”

गौतमला ते ऐकून हुरूप आला, पण आश्चर्य वाटलं नाही. त्या प्रकरणावर त्याचा स्वतःचाही तेवढाच जीव होता.

प्रकरण होतं ट्रकचं. भात झोडून झालं की वांगणी, वावर अशा गावांतून माणसं वीटभट्टीवर निघतात. मुकादमाचा ट्रक पहाटे येतो. मडकी, कोंबड्या, गोधड्या, पोरं सगळं त्यात चढतं. कादंबरीतल्या मंगळ्याची लहान लेक त्या सकाळी तापाने फणफणलेली असते. बायको पदर पसरते, म्हणते, आज थांबू. मंगळ्या ऐकत नाही. गाडी थांबणार नाही, म्हणतो, आणि तिच्या मांडीवरून पोर उचलून वर ट्रकात देतो. वाडा गाव ओलांडल्यावर पोर जाते. ट्रक भट्टीपर्यंत तसाच जातो. नाल्याच्या कडेला तिला पुरतात आणि दुसऱ्या दिवशी दोघं विटा थापायला बसतात. गावाकडे निरोप जातो तो महिन्याने, की भट्टीवर काविळीने गेली.

मंगळ्या म्हणजे लाडक्या. गौतम आणि लाडक्या आश्रमशाळेत एका ताटलीत जेवले होते. गौतम शिकून मास्तर झाला, लाडक्या सातवीतून वांगणीला घरी बसला, पण मैत्री सुटली नव्हती. एकदा दाभोशाला कुणाच्या तरी लग्नात दोघे नदीकाठी बसले असताना लाडक्याने हे सांगितलं होतं. एकदाच. सांगून झाल्यावर तोंड धुतलं आणि मांडवात परत गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही, गौतमनेही नाही. गौतमने घरी येऊन लिहायला घेतलं.

शेवटची मुद्रितं आली ती दिवाळीच्या तोंडावर. गौतमची बायको प्रतिभा पंचायत समितीत कारकून होती. काना-मात्रा तिच्या नजरेतून सुटत नसे. ती ओळीखाली पट्टी धरून वाचायची आणि लाल पेनाने खुणा करायची. अकराव्या प्रकरणात तिची पट्टी थांबली.

“हे लाडक्याभावजींना वाचून दाखवलंयस?”

“नावं बदललीत मी.”

“नावं माझ्यासाठी बदललीत का वांगणीसाठी? तिथलं शेंबडं पोरही ओळखेल.”

“वांगणीत कोण वाचणार आहे?”

प्रतिभाने पट्टी खाली ठेवली. “हर्षाली वाचेल. तुझ्याच वर्गात आहे ती.”

हर्षाली ही लाडक्याची धाकटी मुलगी, थोरली गेल्यानंतर झालेली. वसतिगृहात राहून दहावी करत होती. सरांचं पुस्तक येणार म्हणून तिने वर्गभर सांगून ठेवलं होतं. गौतमला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने त्याचा कधी विचार केला नव्हता, एवढंच.

रविवारी तो जीपने वांगणीला गेला. शेवटची चढण चालावी लागली. लाडक्या खळ्यावर भात झोडत होता, त्याची बायको सरू जरा पलीकडे सुपाने पाखडत होती. खुरासणी फुलून सगळा उतार पिवळा झाला होता. लाडक्याने त्याला लांबूनच हाक दिली, “गौत्या! आज वाट चुकलास काय?”

पाणी पिऊन झालं, गप्पा झाल्या. मग गौतमने पिशवीतून कागद काढले. “पुस्तक छापायला चाललंय. त्यात एक जागा आहे. तू ऐक, मग सांग.”

“माझा काय त्यात?”

“ऐक तर.”

त्याने वाचायला सुरुवात केली. लाडक्याला पहिल्या पानातच कळलं. तो मान खाली घालून भाताची काडी सोलत बसला. गौतमचा आवाज सुरुवातीला अडखळला, मग लागला. वाचताना त्याला स्वतःचीच वाक्यं पुन्हा आवडू लागली. बायको पदर पसरते ती जागा आली. “‘आजचा दीस थांब,’ ती म्हणाली. ‘तुझ्या पाया पडते.’”

सुपाचा आवाज थांबला होता. गौतमच्या ते लक्षात आलं नाही. सरू खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

“गुरुजी, तसा नाय झाला.”

“तू गप,” लाडक्या म्हणाला.

“किती वरसा गप रहू?” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मी पाया पडले नाय, गुरुजी. हाच बोलत होता, थांबू, पोर तापलीय. मी बोलले, थांबून खायाचा काय? घरात दाणा नव्हता. तिकडं गेलो तर सांजला भाकर तरी होती. मीच तिला उचलली. मीच वर दिली. हा खाली उभा होता, नको-नको करीत.”

लाडक्या उठला.  खळ्यावरून उतरून बांधाबांधाने चालायला लागला. त्याने बायकोचं करणं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि ज्या एका माणसापाशी ते ठेवलं त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिच्यादेखत.

गौतम कागद हातात धरून बसला. त्या क्षणी त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला पुढे कायम किळस वाटत राहिली. त्याच्या मनात आलं, हे माझ्यापेक्षा किती चांगलं आहे. आईनेच पोर वर दिली. बाप खाली उभा. त्याच्या डोक्यात वाक्य जुळायलाही लागलं होतं.

सरूने बहुधा ते त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. “ता पण नका लिहू,” ती म्हणाली. “त्याचा नको, माझा नको. कायच नको. हर्षालीला वाचता येतंय.”

“नाही लिहीत, वहिनी,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

लाडक्या परत येईल म्हणून त्याने वाट पाहिली. तो आला नाही. सरूने पुन्हा सूप हातात घेतलं.

घरी आल्यावर त्याने प्रतिभाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “काढ.”

“काढलं तर उरतं काय?”

“ते मला नको विचारूस. काढ.”

कादंबरीतून प्रकरण काढणं म्हणजे भिंतीतून वीट काढणं नव्हे. इथे भिंतच काढायची होती. त्याने आधी नुसती वाक्यं बदलून पाहिली. मंगळ्याची बायको गप्प बसते असं लिहिलं. ते खोटं वाटलं. पोर ट्रकात न नेता आजीकडे ठेवली; मग पुढची सगळी पानं निराधार झाली. बापाऐवजी मुकादमच पोर उचलतो असं लिहिलं, आणि ते वाचून त्याला स्वतःलाच लाज वाटली. शाळेत तो मुलांना पाठ वाचायला सांगून खिडकीबाहेर बघत बसू लागला. पुण्याहून निरोप येत होते की छापखाना खोळंबलाय.

शेवटी त्याने ट्रक काढून टाकला. मंगळ्याची लेक गावातच आजारी पडते, रस्ता वाहून गेलेला, जीप येत नाही, झोळी करून तिला नेतात, ती वाटेत जाते. यातलं काहीच अशक्य नव्हतं. तालुक्यात असं घडलेलं कित्येकांनी पाहिलं होतं, आणि म्हणूनच कुणीही ते वाचून मान डोलावली असती. त्यात कुणाची निवड नव्हती, कुणाचा हात नव्हता. रस्त्याचाच काय तो दोष होता. त्याने ते भराभर लिहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं सरळ, न अडखळता कधी लिहून झालं नव्हतं, आणि तेच त्याला भयंकर वाटलं. जिथे जिथे मंगळ्या बायकोची नजर चुकवत होता, झोपेत दचकत होता, ती पुढची वाक्यंही एकेक करून काढावी लागली. प्रतिभा शेजारी बसून पानांचे आकडे पुन्हा लावत होती. 

सुदर्शन देवांनी वाचून फोन केला. बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

“का केलंत हे?”

“खरं नव्हतं ते.”

“कादंबरीत खरं-खोटं कुठून आणलंत?” ते म्हणाले. मग त्यांचा सूर बदलला. पुढची पुस्तकं रांगेत होती. “असो. आता सामाजिक आशय जास्त ठळक झालाय, हेही आहेच. पानंही कमी झाली. टाकू या छापायला.”

गौतमला वाटलं होतं, ते भांडतील. थोडं तरी भांडतील.

पुस्तक थंडीत आलं. जव्हारला एका सभागृहात प्रकाशन झालं. शाल, श्रीफळ, पेढे. एका पुढाऱ्याने कादंबरी न वाचता भाषणात रस्त्यांचा प्रश्न घेतला आणि टाळ्या मिळवल्या. गौतमचं लक्ष दाराकडे होतं. लाडक्याला त्याने चारचारदा निरोप धाडला होता. तो आला नाही.

हर्षाली आली होती, मैत्रिणींना घेऊन. पुढच्या आठवड्यात तिने शाळेत त्याला गाठलं. “सर, वाचलं मी. छान आहे. रस्त्याचं अगदी बरोबर लिहिलंय.”

“बाबा कसे आहेत?”

तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला. “बाबा दिवाळीच्या आधीच भट्टीवर गेले. एकटेच. आईला नेलं नाही. फोनही लागत नाही. सर, त्यांचं काय भांडण झालं, तुम्हाला माहितीय का?”

“नाही,” गौतम म्हणाला.

त्याच रविवारी तो पुस्तकाची एक प्रत घेऊन वांगणीला गेला. घरात सरू एकटी होती. खळं मोकळं पडलं होतं. तिने त्याला पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसली.

“काढलं मी सगळं, वहिनी. तुमचं काहीच नाही यात.”

“बरा केला.”

“मग लाडक्या का गेला?”

ती जराशी हसली की काय, असं त्याला वाटलं. “पुस्तकातला काढला, गुरुजी. घरात तर वाचून झाला ना.” थोडं थांबून ती म्हणाली, “तो बोलला, तुझ्यासाठी अंगावर घेतला मी. मी बोलले, माझ्यासाठी घेतलास, तर माझ्याजवळ कधी बोललास का नाय? लोकांपाशी बोललास. इतकी वरसा मला वाटत होता, हा मनात मला शिव्या देतो. म्हणून मी त्याच्याकडं बघत नव्हते. त्याला वाटला, मी त्याला शिव्या देते.” तिने गुडघ्यावरची माती झटकली. “आता दोघांना कळला. पण आता कळून काय? बोलायला गेलो का ती पोर मधी येते. आधी नाय यायची.”

गौतमला माफी मागायची होती, पण तिने ती घेऊन ठेवायची कुठे, हे त्याला सुचेना. त्याने पुस्तक पुढे केलं.

“घरात नको,” ती म्हणाली. रागाने नाही. “हर्षालीकडं हाय ना एक.”

उतार उतरून तो फाट्यावर आला आणि जीपची वाट बघत उभा राहिला. लाडक्याचा नंबर पुन्हा लावला. बंद होता. भट्टी कुठली, मुकादम कोण, हेही कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. कुणी भिवंडी म्हणत होतं, कुणी वसई.

जीप आली ती गच्च भरून. ड्रायव्हरने ओळखलं आणि माणसं सरकवून गुरुजींना जागा केली. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहून विचारलं, “शाळेचा हाय काय?”

“नाही,” गौतम म्हणाला.

म्हातारा पुन्हा बाहेर बघू लागला. जीप खड्ड्यांतून हेलकावत जव्हारच्या दिशेने चढू लागली.