दीड बोटाचा फरक

"तुम्हीच धरा सुतळी, नत्थूजी. नाही तं मंग म्हणसाल, सुखदेवानं ढिली सोडली."

नत्थूजींनी खरंच स्वतः धरली. सुखदेव मिस्त्रीनं ती पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि तीच सुतळी गाडीच्या दुसऱ्या अंगाला लावली. गाठ दीड बोट चुकली. म्हणजे कालच बसवलेला मागचा एक्सेल, दोन्ही चाकं जोडणारा दांडा, तिरपा होता. उगाच नाही नत्थूजींची जुनी पिकअप आडवी पळत होती अन् ते रामाकोन्याहून तसेच माघारी फिरले होते.

"पाह्य!" नत्थूजी कडाडले. "मी काय खोटं बोलून राहिलो होतो? नागपूरच्या भंगारबाजारातून सरळ एक्सेल घेतला होता मी. हा तोच आहे कशावरून?"

झालं! वीस वर्षं सुखदेव सौसरच्या नाक्यावर लोकांच्या गाड्यांखाली निजला, पण माल बदलल्याचा आळ त्याच्यावर कधी आला नव्हता. संत्र्याचा हंगाम ऐन भरात होता. लोधीखेड्याचे रामाजी आपली गाडी घेऊन रांगेत उभे होते, आणखी दोघं ड्रायव्हर होते, अन् तिघांचेही कान इकडेच. नत्थूजी असेच निघून गेले असते, तर पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत बोभाटा झाला असता आणि सुखदेवाच्या दारात चिटपाखरूही फिरकलं नसतं.

त्याला संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली. पन्नाशी उलटली होती. हातच तर चुकला नाही ना?

"खोलतो," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यासमोर खोलतो."

"मी हालतच नाही इथून. एक बोल्ट इकडचा तिकडं होऊ देत नाही."

गाडी जॅकवर चढली. पकडीचे बोल्ट सुटले. कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, मधल्या बोल्टाचं डोकं एक्सेलवरच्या भोकात बसावं लागतं; तेव्हाच एक्सेल जागचा हलत नाही. उजव्या बाजूचं बसलं होतं. डाव्या बाजूचं भोकाबाहेर घसरलेलं. सुखदेवानं भोकात पेचकस घातला, तो आत जाईना. काळ्या ग्रीसखाली काहीतरी टणक भरलं होतं. त्यानं खरवडलं, तसा लालभडक तुकडा हातावर पडला. लाख! रेल्वेच्या पार्सलांवर ठोकतात ती.

त्यानं वर पाहिलं. नत्थूजींचा चेहरा पार उतरला होता.

"दुसऱ्याच्या ट्रकात टाकून आणला होता नं," ते पुटपुटले. "वाटंत कोणी बदलला तं ओळखू यावा म्हणून खूण केली होती. कोणाले दिसू नाही, म्हणून भोकात."

"अन् मले बी नाही सांगतलं?"

बसवण्याआधी भोक पुसून पाहायला हवं होतं, ही सुखदेवाचीही चूक होतीच, आणि तेवढी त्यानं मनातल्या मनात कबूल केली. मग रामाजींना हाक मारून तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि झालेलं सांगितलं.

"वा रे नत्थूजी!" रामाजी पोट धरून हसले. "चोर पकडाले बसले, अन् आपलीच गाडी लंगडी केली!"

दुपारपर्यंत सुतळी दोन्ही अंगांना सारखी आली आणि गाडी नीट सरळ गेली.

आठवड्यानं नत्थूजी पुन्हा आले, मागच्या ब्रेकचं काम घेऊन. किल्ली त्यांनी आपण होऊन सुखदेवाच्या हातात दिली.

"तू कर बा निवांत. मी चहा पिऊन येतो."

त्यांचं माफी मागणं ते एवढंच, हे सुखदेवाला कळलं. पण आत जे दुखलं होतं ते तसंच दुखत राहिलं. त्यानं संत्र्याचं एक रिकामं खोकं ओढलं, चाकाजवळ पालथं घातलं आणि फडक्यानं झटकलं.

"बसा, नत्थूजी. तुम्ही पाहत नसले तं आता माहा हात चालत नाही."

आवाज चढला नव्हता. नत्थूजी निमूट बसले. सुखदेव गाडीखाली शिरला, आणि सोडलेला एकेक बोल्ट हात बाहेर काढून त्यांच्या पायाशी मांडत गेला.