तिसऱ्या टेकचं पान

दुसरं बटण उघडं होतं. राखाडी स्वेटरचं, वरून दुसरं, ज्याचा दोरा बाकीच्यांपेक्षा जरा गडद निघाला म्हणून तिने स्वतः पहिल्याच दिवशी उसवून पुन्हा घातला होता – तेच. पडद्यावर जेमतेम अर्धं मिनिट… आणि पुढच्या शॉटमध्ये सिनेमातली आई दारातून मागे वळली तेव्हा ते मुकाट्याने लागलेलं. वहिनीने हळूच इकडेतिकडे पाहिलं. कोणाच्या गावीही नव्हतं.

खिडकीवर जाड चादर ठोकून सकाळच्या अकरा वाजता अंधार केलेली ही खोली कात्रीच्या घरातली. कात्री म्हणजे सिनेमा जोडणारी मुलगी. तिचं खरं नाव तिच्या आईशिवाय आता कोणी घेत नाही. शेजारच्या खुर्चीत दिग्दर्शक, म्हणजे वहिनीचा धाकटा दीर, गुडघे हलवत बसलेला. भिंतीला टेकून उभा कॅमेरावाला लंबू, कारण लंबूला खुर्चीत बसून स्वतःचं काम बघवत नाही. बाकीचे तिघं आपापल्या नोकऱ्यांवर गेलेले. आज कुलूप. म्हणजे आज शेवटचं बघायचं, सगळ्यांनी हो म्हणायचं, आणि त्यानंतर एकाही शॉटला हात लावायचा नाही. उद्या सकाळी सिनेमा महोत्सवाकडे जाणार. असल्या दिवशी हिला बटण दिसावं!

आणि दिसणार तर हिलाच, दुसऱ्या कोणाला? वहिनीचं कामच ते. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, कधी उलटसुलट दिवशी चित्रित होतो. आदल्या तुकड्यात पेला उजव्या हातात होता की डाव्या, दार किती उघडं होतं, केसांची बट कानाच्या पुढे की मागे, हे सगळं वहीत टिपायचं, म्हणजे पुढच्या तुकड्यात ते तसंच राहतं. घरात याच गोष्टीवरून तिने आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं, कोणी काय घातलं होतं, कोणाच्या ताटात काय उरलं होतं… सगळं हिच्या लक्षात. जावा नाकं मुरडायच्या. नवरा म्हणायचा, हिच्यापुढे खोटं बोलायची सोय नाही. मग एक दिवस धाकटा दीर येऊन म्हणाला, वहिनी, मला तुझे डोळे हवेत – आणि ज्याला सगळे खोड म्हणत होते त्याला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नाव मिळालं, वही मिळाली, गळ्यात अडकवायला दोरीचं पेन मिळालं. पहिल्या दिवशी तर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

सात माणसं! सात माणसांनी सुट्ट्या जमवून, दोन वर्षं, मागून आणलेल्या दिव्यांवर केलेला सिनेमा. वाद व्हायचे, अगदी हातघाईवर यायचे, पण घोडं अडलं की कोणीतरी म्हणायचं, "वहीत काय आहे?" आणि वही उघडली की सगळे गप्प. दिग्दर्शकसुद्धा. एकवीस दिवसांचं चित्रीकरण, आणि एक चूक म्हणून नाही, हे ती नवऱ्याला इतक्यांदा सांगून बसली होती की तो आता तिच्याआधी वाक्य पुरं करायचा.

…एक चूक म्हणून नाही.

कात्रीने सिनेमा थांबवला, चहा आणते म्हणाली. लंबू तिच्या मागोमाग गेला, दीर फोन घेऊन जिन्यात. वहिनीने पिशवीतून वही काढली. खरं तर बघायची गरज नव्हती. प्रसंग बेचाळीस: मुलगी कायमची घर सोडून जाते, आई दारात उभी राहते, बोलत काही नाही. हा शॉट तीनदा घेतला होता. पहिल्या टेकला मध्येच रस्त्यावर हॉर्न वाजला. दुसरा टेक बिनचूक, बटण लागलेलं, आणि मेला इतका कोरडा की लंबूने नुसती मान हलवली. तिसरा… तिसऱ्यातच सगळा सिनेमा होता. आईचं काम करणाऱ्या बाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, कधी शाळेच्या स्टेजवरही न चढलेल्या, त्यांनी त्या टेकमध्ये जे केलं ते पुन्हा झालं नसतं. तेव्हा चूक ध्यानात आली असती तर निदान करून तरी बघता आलं असतं. अजून पाचेक मिनिटं ऊन होतं. आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड आलंय, भिंती हिरव्या झाल्यात. म्हणजे बोललं तर तो बिनचूक, कोरडा टेक घाला, न बोललं तर हे उघडं बटण मोठ्या पडद्यावर कायमचं. आणि वहीत?

वहीत "टेक ३" एवढंच होतं. खाली पान कोरं. मधोमध शाईचा एक ठिपका, चांगला डाळीएवढा पसरलेला – पेन टेकवलं आणि तसंच राहिलं होतं.

ती त्या ठिपक्याकडे बघत बसली. काय करत होते मी? डुलकी लागली होती की काय? छे. उभी होते, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, टाच दुखत होती… आणि मग टाच दुखायची थांबली. बाईंनी जाणाऱ्या मुलीकडे पाहिलं आणि त्यांचा हात गळ्याशी गेला, जीव गुदमरल्यासारखा, बोटं बटणाशी चाळा करत राहिली… म्हणजे उघडलं ते तेव्हाच, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी बघत होते त्यांच्या चेहऱ्याकडे. माझी स्वतःची लेक गेली त्या दिवशीच्या चार बॅगा मला अजून पाठ आहेत, निळीची चेन अडकत होती, पाण्याची बाटली टेबलावरच राहिली होती, टॅक्सीच्या मागच्या दाराला पोचा होता. सगळं नीट, एक गोष्ट म्हणून सुटली नाही. फक्त तिचा चेहरा आठवत नाही. दहा वर्षं मी तो आठवायचा प्रयत्न करते आहे, आणि दर वेळी ती चेनच आठवते.

वहिनीने डोळे पुसले आणि स्वतःवरच चिडली. चहा आला. दीर आत येऊन म्हणाला की बाकीच्या तिघांनी फोनवरच हो म्हणून टाकलंय, आता आपण चौघं. त्याचा चेहरा लहानपणी निकाल घेऊन यायचा तेव्हा असायचा तसा. गप्प बसावं, तिच्या मनात आलं. कोणाला कळणार आहे? पण मग ती एकवीस दिवसांची वही कशाला?

"भाऊजी," ती म्हणाली, "बेचाळीसमध्ये दुसरं बटण उघडं आहे."

कात्रीने मागे नेऊन पाहिलं. लंबू पुढे वाकला. खरंच की. दिराने सवयीने हात पुढे केला, "वहीत काय आहे?"

तिने पान उघडून दिलं. तो वाचायला गेला आणि वाचायला काही नव्हतं. त्याने पान उलटलं, परत मागे आला.

"वहिनी, इथे तू काहीच लिहिलेलं नाहीस."

"नाही. चूक माझी आहे. मी बघत राहिले."

तिला वाटलं आता हा चिडणार, आणि चिडला तर बरंच होईल. पण लंबूच वही हातात घेऊन त्या ठिपक्याकडे बघत राहिला, मग हलक्या आवाजात म्हणाला की शेवटी शेवटी त्याचाही कॅमेरा जरासा हलला होता, तो आजवर कोणाला बोलला नव्हता. दिराने वही घेतली, मिटली आणि वहिनीच्या मांडीवर ठेवली.

"आता तूच सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील तो टेक."

घ्या! सात माणसांची दोन वर्षं हिच्या एका शब्दावर येऊन थांबली. चष्मा पुसायला तिने उगाच वेळ घेतला. भीती वाटत होती, पण नुसती भीतीच होती असं नाही. जिचा आजवर नुसता हिशेबीपणा कामाला आला होता, तिला हे लोक विचारत होते. हिच्या लेकीला कळलं तर हसेल, आई, तू आणि कोरं पान? आज संध्याकाळी तिला फोन करून हेच आधी सांगायचं, तिने ठरवलं.

"एकदा लावा," ती म्हणाली. "फक्त बटण बघते. मोठ्या पडद्यावर किती खटकेल ते बघून सांगते."

कात्रीने तिसरा टेक लावला. वहिनी पुढे सरकून बसली, नजर बरोबर स्वेटरवर, गळ्याखाली चार बोटं. दार उघडलं. मुलगी पायऱ्या उतरली. बाई उभ्या राहिल्या, नुसत्या उभ्या, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर ते आलं, ओरडायचं होतं आणि ओरडल्या नाहीत ते… हे आपण केलं. मागून आणलेल्या दिव्यांवर, रविवार-रविवार करून, हे आपण केलं, बाई.

पडदा काळा झाला.

"काय मग?" कात्रीने विचारलं. "खटकतं?"

वहिनीने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की बटण बघायचं राहूनच गेलं.