मानेवर आलेला आळ

रफूकाकूंच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट महिनाभर संपावर होतं. आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा, आणि आता कापड ताणून धरलं की ते सुळकन निसटायचं. रफूचा सगळा जीव त्या ताणावर. पंचवीस वर्षं काकूंनी कोटांची भोकं अशी बुजवली होती की मालकालाही ती परत सापडू नयेत. हा हात गेला तर आपलं कसं व्हायचं, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागेना.

निवृत्त नवऱ्याला मात्र उत्साहाचं भरतं आलं होतं. "मानेत नस दबली आहे," असा त्यानं एक लेख वाचून निकाल दिला आणि संध्याकाळी मानेचा पट्टा घेऊन आला. पट्ट्यामुळे मान वाकेना. मग डोळे कापडापर्यंत जाणार कसे? काकूंनी कापडच डोळ्यांपर्यंत उचललं. डावं कोपर टेबलाच्या कडेवर रोवायचं, हात दुमडायचा आणि दिवसभर तस्संच बसायचं. कोपर टेकायची खोड जुनीच, आता तिला बढती मिळाली. पंधरा दिवसांत पकड आणखी ढिली झाली.

"पट्टा सैल बांधतेस तू," नवरा म्हणाला.

शेवटी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी काकूंच्या दोन बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला. कागद अलगद निघून आला.

काकूंचे डोळे भरले. "अर्धांगवायू आहे का गं? खरं सांग."

"अंगठा बधिर आहे?"

"छे, तो ठणठणीत."

"काम कसं करता, दाखवा बरं."

काकूंनी डॉक्टरांच्याच टेबलावर कोपर रोवलं. डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली, तशी झिणझिणी थेट करंगळीत उतरली.

"नस इथे दबतेय, काकू. मान, साखर, जीवनसत्त्वं यांमुळेही असं होतं, म्हणून तपासण्या करू. पण मला हे कोपराचंच वाटतं. हा पट्टा कुणी दिला?"

काकूंनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात गढून गेला होता.

तपासण्यांतही कोपरच निघालं. पट्टा सुटला. कोपर टेकायला मनाई झाली आणि झोपताना हात दुमडू नये म्हणून कोपराला टॉवेल गुंडाळायचा ठरला. नस सावकाश सुधारते, नाहीच सुधारली तर शस्त्रक्रियेचं बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कोपर न टेकता कापड डोळ्यांजवळ यावं म्हणून नवऱ्यानं टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले आणि तीन दिवस एकही लेख वाचला नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी काकू किंचाळल्या. नवरा धावत आला. डाव्या करंगळीवर रक्ताचा थेंब होता.

"काय झालं?"

"सुई टोचली!"

"मग हसतेस काय?"

"अहो, दुखतंय! करंगळी दुखतेय!" काकू म्हणाल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. नवऱ्यानं तो हात आपल्या हातात घेतला आणि काहीही सल्ला न देता कितीतरी वेळ धरून ठेवला.