फाटकावरचा पहारा

अकरा वर्षं संसार सांभाळून काकू पुन्हा प्रोग्रामर म्हणून कामाला लागल्या आणि महिन्याभरातच त्यांची शोभा झाली. कोड लिहायचं त्यांचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, आपणहून एक फाइल बनवायचा. ती कोणाच्या कामाची नसायची, तरी गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडच्या नोंदींत, जाऊन बसायची. टीमचा प्रमुख, वयाने त्यांच्या धाकट्या भावाएवढा, काम परत पाठवून लिहायचा, "काकू, शेपूट आलंय." सगळे हसायचे. तीन महिन्यांनी काकूंना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्याच्याच हातात होतं.

गिटने कोणत्या फाइली घ्यायच्या नाहीत, याची प्रत्येक प्रकल्पात एक यादी असते; काकूंनी आपल्याकडच्या आठही प्रकल्पांच्या याद्यांत त्या फाइलचं नाव घातलं. तेही परत आलं. तुमच्या एडिटरचा पसारा सगळ्यांच्या यादीत कशाला, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

गाऱ्हाणं सासऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांचा जन्म कारखान्याच्या फाटकावर पहारा करण्यात गेलेला.

"खोलीखोलीत माणूस कशाला उभा करतेस? फाटकावर एक पुरे."

काकूंनी शोधलं, तर तशी सोय होतीच. आपल्या मशीनवर एकच यादी करायची, ती कुठे आहे ते गिटला एकदा सांगायचं, की सगळ्या प्रकल्पांना लागू. त्यांनी तसं केलं. दुसऱ्या दिवशी शेपूट पुन्हा हजर.

सासरे हसले. "आधीच आत शिरलेल्याला फाटकावरचा कसा अडवणार? त्याला बाहेर काढ आधी."

म्हातारा कॉम्प्युटरला हात न लावता बरोबर बोलला होता. तीन प्रकल्पांत ती फाइल पूर्वीच नोंदली गेली होती. काकूंनी तिथून तिला काढलं आणि मग जी शांतता झाली, ती झालीच. नववा, दहावा प्रकल्प आला, शेपूट काही आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात प्रमुखाला नवा लॅपटॉप मिळाला. त्याचं काम पाळीप्रमाणे तपासायला काकूंकडे आलं, तर सोबत त्याच्या एडिटरची फाइल. काकूंना कायम करायचं की नाही, याचा निकाल अजून लागायचा होता. पण चूक ती चूक. त्यांनी काम परत पाठवून लिहिलं, "शेपूट आलंय."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रमुख खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"काकू, तुमचं शेपूट कसं थांबवलंत, मला दाखवता का?"

शुक्रवारी कायम केल्याचं पत्र आलं. काकूंनी अभिमानाने ते सासऱ्यांच्या हातात ठेवलं आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारली.

"अहो, आमच्या सुनेने साहेबाचं काम परत पाठवलं."