खिडकीजवळचे त्रेचाळीस नंबर

मी एक जुने शिलाई यंत्र आहे, त्रेचाळीस नंबरचे. आफ्रिकेतल्या लेसोथोची राजधानी मासेरू, तिथल्या एका कारखान्याच्या मागे पत्र्याखाली पडून आहे. मित्रांनो, मी झपाटलेले आहे असे लोक अजूनही म्हणतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही, कारण पुलेंगचे गुणगुणणे मला अजून ऐकू येते.

मी लेसोथोत आले तेव्हा शहराकडेच्या थेत्सानेच्या माळावर कारखान्यांच्या मोजक्याच शेड होत्या. बघता बघता माळ दिसेनासा झाला. शेजारच्या देशातल्या खाणींतले काम सुटून पुरुष रिकाम्या हातांनी परतत होते आणि डोंगरातल्या बायका ब्लँकेट पांघरून उजाडताच कामासाठी फाटकाशी उभ्या राहत. आमच्या जीन्स साता समुद्रांपार जात. दर शनिवारी मला तेल मिळे.

पुलेंग गुणगुणत माझ्यावर खिसे शिवायची. एका हिवाळ्यात ती खोकू लागली आणि गेली. त्या आजाराचे, एड्सचे, नाव तेव्हा कुणी घेत नसे. तिच्या मुलांच्या छातीवर लावायच्या शोकाच्या काळ्या पट्ट्या मैत्रिणींनी जेवणाच्या सुट्टीत माझ्यावरच शिवल्या. मग तिच्या जागी बसलेली मामेल्लो गेली, मग तिच्यानंतरची केनेउओए. पट्ट्या पुन्हा माझ्यावरच. बायका माझ्याकडे पाठ करून जेवू लागल्या. खरेच मी खाल्ले का यांना, ही शंका मलाही छळू लागली.

एके दिवशी दुसऱ्या रांगेतल्या रेलेबोहिलेला माझ्याकडे पाठवले.

"मी नाही बसणार, म्मे. ते माणसं खातं."

मुकादम बाई मात्सेलिसो, जिला सगळ्या म्मे, म्हणजे आई, म्हणत, हळूच म्हणाली, "लोखंड कसलं माणसं खातंय? जिला धाप लागायची तिला मीच इथं बसवायचे. खिडकी आहे, नळ हाताशी आहे."

रेलेबोहिलेने खिडकीकडे पाहिले. "मग मला का बसवताय?"

म्मे मात्सेलिसोची मान खाली गेली. "पुलेंगला मी नुसती खिडकीच दिली गं. तोंड उघडलं नाही. तू उद्या दवाखान्यात चल. आता गोळ्या मिळतात. मी येते बरोबर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. मेल्यावर तरी कुठं गप्प बसतात?"

ती दवाखान्यात गेली. नंतर अकरा वर्षे माझ्यावर बसली, मी थकेपर्यंत.

मित्रांनो, मी जरा खरखरले की तेलाची बाटली घेऊन माणूस धावत येई. पुलेंग मात्र अख्खा हिवाळा खोकत होती. तुमच्या शेजारी कुणी खोकत असेल, तर नुसती खिडकी उघडून थांबू नका. विचारा, सोबत जा. रेलेबोहिलेच्या मुलांसाठी काळी पट्टी माझ्यावर कुणालाच शिवावी लागली नाही.