सकुबाईच्या नावाचं घर

सकुबाईला घरकुल नाकारलं. का, तर म्हणे तिच्या नावावर आधीच पक्कं घर आहे! वैशाखरे गावाच्या टोकाला तिची कारवीच्या कुडाची झोपडी. कुड वाळवीने खाल्लेला, येता पावसाळा काही निघायचा नाही. आणि घरपट्टीला मात्र बाई स्लॅबच्या घराची मालकीण. तिला आधी हसूच आलं. ग्रामसेवकाला म्हणाली, "माजं घर कुठं हाय, मलाबी दाखव रे बाबा."

त्याने खिडकीतून बोट दाखवलं. समोर तिच्या धाकट्या भावाचं, कुंडलिकचं, गुलाबी घर होतं.

मग तिला भाऊबीज आठवली. नवरा गेल्यावर सकुबाई माहेरच्या गावात येऊन राहिली होती. बहिणीने बापाच्या मिळकतीत वाटा मागायचा नाही, हक्क सोडायचा आणि दिवाळीला भाऊ देईल ते लुगडं हसत नेसायचं, ही आपल्याकडची रीत. ओवाळून झाल्यावर कुंडलिकने ताटाशेजारी कागद सरकवला, "बाय, हक्कसोडीचा हाय गो." वाचून दाखव म्हणायचं म्हणजे भावावर संशय. छे! ओवाळत्या हाताने तिने अंगठा दिला आणि वर त्याची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. सोडायला म्हणून अंगठा दिला, तर उलटं अख्खं घर गळ्यात पडलं. कारण घरकुल कुंडलिकलाही हवं होतं. पक्कं घर बहिणीच्या नावावर ढकललं की हा बेघर! त्याचं मंजूरही झालं, परसात जोतं चढलं. मेल्याने मुहूर्तसुद्धा भाऊबीजेचा शोधावा!

तरी तिने भांडण केलं नाही. मुरबाडला तालुक्याच्या कचेरीत अपील टाकलं आणि भावाला एवढंच म्हणाली, "कुंडलिका, सायबापुढं खरं सांग. मला दुसरं काय नको."

"सांगतो गो बाय. तू घोर नको करू."

सुनावणीला दोघं एकाच जीपने गेली. त्याने तिला खिडकीशी बसवलं, वाटेत भजी खायला घातली. तिला वाटलं, चुकला असेल बिचारा, रक्ताचा आहे, सावरून घेईल.

साहेबांनी विचारलं, "कुंडलिकराव, हे घर कोणाचं?"

कुंडलिक मान वर न करता म्हणाला, "बहिणीचंच हाय साहेब. तिच्या मेहरबानीवर आमी राहतो."

याला पाठीशी बांधून तिने भात लावला होता. आई तापाने पडली तेव्हा याच्या तोंडात पेज घातली होती. केसानं गळा कापला हो! सकुबाईला रडू येईना, नुसती आग आग झाली.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"काय सांगू साहेब? माजा भाऊ खोटं कशाला बोलंल? लिवा, घर माजंच हाय. अपील मागं घेते."

कुंडलिकने सुस्कारा सोडला. परतताना जीपमध्ये म्हणतो कसा, "बाय, तू देवमाणूस हायस."

गावात उतरल्यावर सकुबाई झोपडीकडे वळलीच नाही. सरळ गुलाबी घराच्या पायऱ्या चढली. भावजय सरिता दारात उभी होती, तिला बाजूला सारून आत गेली, माठातून तांब्या भरला आणि अंगणात उभ्या भावापुढे धरला.

"ये रे. पावणा आलास माज्या घरी, पाणी पी. मंग पोराबाळांना घे नि झोपडीवर जा. कुडाला शेणाचा हात मारून घे."

"बाय, थट्टा करतेस काय?"

"थट्टा तू केलीस, भाऊबीजेला. आत्ता सायबापुढं काय बोललास? ऱ्हा आता त्या शब्दावर." तिने तांब्या तसाच पुढे धरून ठेवला. "घर नको होतं रे मला. एकदा खरं बोलला असतास, तर झोपडीत मेले असते मी, पण तुजी दृष्ट काढतच मेले असते."

कुंडलिकने हात पुढे केला नाही. मग ते पाणी सकुबाईच घटाघटा प्याली, आणि त्या घराच्या उंबऱ्यात बसून हमसाहमशी रडली.