अंबरातला एकटा नर

प्राध्यापकांच्या नावाने जगात एकही किडा नव्हता आणि निवृत्ती तोंडावर आली होती. ह्या दुःखाला हसू नका. त्यांच्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाच्या नावाने तीन होते. एक माशी, एक भुंगा आणि झाडाच्या राळेत अडकून, राळेचं अंबर होईपर्यंत तशीच पडून राहिलेली एक प्राचीन बिनपंखी गांधीलमाशी. मेहुणाही त्याच, नवे किडे शोधून त्यांना नावं देण्याच्या धंद्यातला. चार माणसं जेवायला बसली की ह्या तिन्ही किड्यांची चौकशी व्हायची, आणि विषय काढायची बायकोच.

स्वतःचं नाव स्वतः किड्याला द्यायचं नाही, असा ह्या विद्वानांत संकेत आहे. तेवढीच काय ती लाज शिल्लक. मग ते दुसऱ्याकडून देववून घेतात. तू माझी माशी कर, मी तुझा भुंगा करतो. प्राध्यापकांशी असा व्यवहार करायला मात्र कुणी धजेना, कारण इतरांच्या लेखांवर तोंडसुख घेण्यातच त्यांची हयात गेली होती.

आणि अचानक घबाड हाती लागलं. संग्रहातल्या अंबराच्या एका तुकड्यात पंखवाला गांधीलमाशीचा नर होता, कुणीच न वर्णिलेला. त्यांनी जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं.

"लेख तू लिही. नाव काय द्यायचं ते तुला कळतंच."

"कळलं, सर." तिची नोकरी कायम व्हायची होती. न कळून सांगते कुणाला?

"फक्त शेपटाकडचा भाग नीट दिसत नाहीये, सर. नराची ओळख तिथेच पटते."

घासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. हात चांगला होता, एवढं मान्य करायला हवं. बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, त्यांनी तुकड्यावरची काळपट साल हळूहळू उतरवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नराच्या शेपटाला दुसरी गांधीलमाशी चिकटलेली होती. मादी. पंख नाहीत, डोकं फुगीर, कपाळावर एक शिंग.

ते शिंग प्राध्यापकांनी झोपेतही ओळखलं असतं. ही मेहुण्याचीच माशी! ह्या जातकुळीत नर-मादीचं रूप इतकं वेगळं की दोघांना दोन जाती समजून बसण्याची चूक नेहमीची. म्हणजे हा नर नवा नव्हताच. आधी दिलेलं नाव टिकतं, हा नियम. नवऱ्यालाही बायकोचंच, म्हणजे मेहुण्याचं नाव लागणार.

प्राध्यापकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या एवढ्याशा मेलेल्या माशीचा त्यांना जिवंत माणसासारखा राग आला. दाराला कडी लावून त्यांनी जाडा कागद घेतला आणि मादी नाहीशी होईपर्यंत तुकडा घासला. मग पॉलिश केलं. काम झकास झालं. विद्यार्थिनीनेही तोंडभरून कौतुक केलं.

लेख छापून आला, नाव लागलं आणि बायकोने भावाला जेवायला बोलावलं. मेहुणा हार घेऊन आला. हलकट माणूस मनापासून खूश होता, हे प्राध्यापकांना सगळ्यात जास्त झोंबलं.

"भाऊजी, काय देखणा नर आहे हो! एकच चुटपुट लागली, एकटा सापडला. ह्या माश्यांचा नर मादीला शेपटाला लटकवून उडतो ना? आजच्या माश्यांत दिसतं ते. पण तेव्हाही असंच चालायचं, ह्याचा पुरावा कुणाकडे आहे? अंबरात तशी जोडी ज्याला सापडेल ना, त्याचं नाव शाळेतल्या पोरांच्या पुस्तकात जाईल. तुमच्या-माझ्या नावाच्या माश्यांना कोण कुत्रं विचारतंय!"

शिंग दिसलं तेव्हा प्राध्यापकांना मेहुणा दिसला होता. जोडी दिसलीच नव्हती.

"अहो, हसा की जरा," बायको वाढता वाढता म्हणाली. "जन्मभर हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो," प्राध्यापक म्हणाले.